मासा केवढा होता?

मेहरूणच्या तलावावर मासा मोजायला मोजपट्टी लागत नाही. दोन हात पुरतात. ज्याच्या गळावरून मासा निसटला आहे तो दोन्ही तळहात समोरासमोर धरतो आणि 'हाऊ एवढा व्हता भो' असं म्हणतो. वाक्य संपेपर्यंत तळहातांमधलं अंतर वीतभर वाढलेलं असतं. ऐकणारा हरकत घेत नाही, कारण थोड्या वेळाने त्याचाही एक निसटणार असतो. हे आमच्या जळगावात चालतं याची मला फार गंमत वाटते. इथल्या सराफ बाजारात पंख्याच्या वाऱ्याने काटा हलू नये म्हणून तो काचेच्या पेटीत ठेवतात, आणि गिऱ्हाईक पापणी न लववता आकड्याकडे बघत असतं. तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर फिरायला येतं, तेव्हा हातभर माशावर मुकाट्याने विश्वास ठेवतं.

मी स्वतः गळ टाकत नाही. टाकणाऱ्यांच्या मागे उभा राहतो. हाही एक छंदच आहे आणि त्याला साहित्य लागत नाही. घरून स्वेटर घालून निघावं आणि परतताना तो कमरेला बांधावा, असे जेमतेम पंधरा-वीस दिवस खानदेशाला वसंत म्हणून मिळतात. पुढे थेट उन्हाळा. हातगाडीवरची मेहरूणची बोरं तोवर संपत आलेली असतात. उरलेली सुरकुतलेली असतात आणि गाडीवाला ती 'आता जास्त गोड' म्हणून देतो. (असतातही.) तलावाचं पाणी मागे सरकायला लागतं, काठाला ओल्या मातीचा पट्टा उघडा पडतो आणि त्या पट्ट्यावर गळवाले येऊन बसतात.

त्यांची सामग्री अगदी साधी. बांबूची काठी, तंगूस, गळ, आणि तरंगत्या बुचाच्या जागी मोरपिसाच्या देठाचा बोटभर तुकडा. डब्यात कणीक. कणकेत काय मिसळलं आहे ते कोणी कोणाला सांगत नाही. बायकोला तर नाहीच, कारण हिंगाची डबी तिची असते. पाण्यावर उभा असलेला तो देठ जरा कलला की काठीवरची मूठ आवळते, सरळ झाला की सैल पडते. तास-दीड तास एवढंच चालतं. मागे उभे असलेले आम्ही चौघे-पाचजणही आपापल्या मुठी आवळत-सोडत असतो. शेवटी काही लागलंच तर ती बहुधा चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि इतका रुळला, की आता त्याला परदेशी म्हटलं तर काठावरची मंडळी माझ्याकडेच संशयाने बघतील.

त्याच काठावर थोडं पुढे गेलं की पुण्यवान मंडळी भेटतात. हीही सकाळी डब्यातून कणकेच्या गोळ्या आणतात, पण यांच्या गोळीत काटा नसतो. माशांना खाऊ घातलं की ग्रह शांत होतात म्हणे. कणीक तीच, पाणी तेच, मासेही बहुधा तेच. अलीकडे खाल्ली तर पुण्य, पलीकडे खाल्ली तर रस्सा. गळवाल्यांची तक्रार अशी, की या लोकांमुळे मासे सकाळीच पोटभर जेवतात आणि गळाकडे फिरकत नाहीत. पुण्यवानांचं म्हणणं असं, की मुक्या जिवांना आम्ही माणसांवर विश्वास ठेवायला शिकवतो आणि तुम्ही त्याचा फायदा घेता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माशांचं मत कोणी घेत नाही.

या सगळ्यात वाढलेला माझा पुतण्या आता अमेरिकेत, टेनेसी राज्यात, कॉम्प्युटरवर पोट भरतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याने कळवलं, की मार्चमध्ये तो मासे पकडायच्या स्पर्धेत उतरणार आहे, आणि तेही कयाकमधून. कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी. उत्तर ध्रुवाकडचे लोक सीलच्या कातड्याची बनवत. आताची प्लास्टिकची असते. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, विचारलं, "पगार पुरत नाही का रे?" वहिनी माळकरी. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या उठून देवघरात गेल्या.

नियम पुतण्यानेच समजावून सांगितले, आणि ते ऐकताना मला मेहरूणच्या काठाची फार आठवण झाली. ही स्पर्धा बास नावाच्या माशाची. कयाकला पेट्रोलचं इंजिन चालत नाही. हाताने वल्हवा नाहीतर पायाने पायडल मारा. अंगात लाइफ जॅकेट हवंच. मासा लागला की तो खाचा पाडलेल्या एका फळीवर आडवा ठेवायचा, तोंड डावीकडे, मिटलेलं, फळीच्या कडेला टेकलेलं. शेजारी त्या दिवसाचा सांकेतिक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. मग फोटो. फोटो मोबाइलवरून परीक्षकाकडे जातो आणि मासा पाण्यात. दिवसभरातल्या सर्वांत लांब पाच माशांच्या इंचांची बेरीज, ती ज्याची जास्त तो जिंकला. पाव इंचाचासुद्धा हिशोब असतो. तोंड उघडं दिसलं तर इंच कापतात, चिठ्ठी दिसली नाही तर मासाच बाद. मी म्हटलं, "आणि निसटलेला?" तो म्हणाला, "काका, निसटलेला मासा म्हणजे मासाच नाही."

आमच्या तलावावर हा नियम लावला तर सगळं बोलणंच बंद पडेल.

स्पर्धेच्या दिवशी तिकडे सकाळ होती आणि आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ. कोणाचे किती इंच झाले याचा तक्ता मोबाइलवर चालू असतो हे दादाला कळलं आणि त्याने तो एका जागी बसून बघायला घेतला. जेवणाचं ताट पुढ्यात, एक बोट पडद्यावर. एक दिवसीय सामन्याच्या शेवटच्या षटकांतही मी त्याला इतका गप्प पाहिला नव्हता. मुलगा बराच वेळ शून्यावर होता. मग साडेबारा इंच आले. "दीड वितीला जरा कमी," दादाने वीत जेवणाच्या टेबलावर टेकवून जाहीर केलं. मग सव्वाचौदा. नावं भराभर वरखाली होत होती आणि आमचं नाव तळाशी ठाण मांडून होतं. शेवटच्या तासाला हा तक्ता मुद्दाम बंद करतात. कोण जिंकतंय हे कोणाला कळू नये म्हणून. दादाला वाटलं नेट गेलं. त्याने शेजाऱ्यांच्या मुलाला बोलावून मोबाइल दोनदा बंद-चालू करून घेतला.

वसंताच्या तोंडाशी ही स्पर्धा का ठेवतात, तेही पुतण्याने सांगितलं. हिवाळाभर बास खोल पाण्यात सुस्त पडलेला असतो. पाणी जरा ऊबदार व्हायला लागलं, की अंडी घालण्यासाठी तो काठाकडे, उथळ पाण्याकडे सरकतो, आणि त्याआधी सपाटून खातो. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा मासा सर्वांत जवळ येतो तो याच दिवसांत. माणसाची मात्र पंचाईत असते. मासा उबेला आलेला आणि माणूस गारठलेला. पहाटे चार-पाच अंश तापमानात बोटं कडक होतात, गाठ बसत नाही, आणि ओला बास फळीवर सरळ ठेवून, त्याचं तोंड मिटून, चिठ्ठी सांभाळून फोटो काढायला ज्याला दोनच हात दिलेत त्याने काय करायचं?

पुतण्याचं तेच झालं. रात्री उशिरा त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नाक लाल होतं. दोनच मासे मोजले गेले. बेरीज पावणेसत्तावीस इंच. जिंकणाऱ्याची नव्वदीच्या पुढे. पण, तो म्हणाला, तिसराही लागला होता. दुपारी, एका पडलेल्या झाडाच्या आड. कयाकमध्ये घेतला, फळीवर ठेवला, मोबाइल उचलला आणि त्याने शेपटीचा फटकारा मारून थेट पाण्यात उडी घेतली.

"केवढा होता?" दादाने विचारलं.

पोराने मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोन्ही तळहात समोरासमोर धरले. बोलता बोलता ते लांब लांब जात राहिले आणि शेवटी पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर गेले. आम्हाला मध्ये फक्त त्याचं लाल नाक दिसत होतं. दादाच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदाच समाधान आलं.

वहिनी तोवर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "पकडला, फोटो काढला आणि सोडून दिला. मग पकडला कशाला?" पोराने पर्यावरण, माशांची संख्या वगैरे सांगितलं. दादाने त्याचा सारांश काढला: "म्हणजे पाप ते लागलंच, आणि रस्साही नाही."

वहिनींच्या प्रश्नाला अमेरिकेतही उशिराच उत्तर मिळालं. या स्पर्धांचा जनक रे स्कॉट हा अलाबामातला विमा विकणारा माणूस. मार्च १९६७ मध्ये तो मिसिसिपीत जॅक्सनला मासे पकडायला गेला, पावसाने खोळंबला, आणि मोटेलच्या खोलीत टीव्हीवर बास्केटबॉल बघता बघता त्याच्या डोक्यात आलं, की बास पकडण्याच्याही अशा स्पर्धा का नसाव्यात. त्याच जूनमध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ जण प्रत्येकी शंभर डॉलर भरून उतरले. विमा विकणाऱ्यालाच हे जमावं. तेव्हा मासे वजनावर मोजत आणि ते मरत. मेलेल्या माशांचे ढीग बघून लोक नावं ठेवायला लागले तेव्हा, १९७२ पासून, मासा जिवंत ठेवा आणि सोडा असा आग्रह स्कॉटनेच धरला. कयाकवाल्यांनी पुढे वजनकाटाही काढून टाकला. मासा आपल्या पाण्याबाहेर मिनिटभरापेक्षा जास्त राहू नये हा हेतू.

वजन गेलं ते एका परीने बरंच झालं. २०२२ च्या सप्टेंबरात क्लीव्हलँडला, ईरी सरोवराच्या काठी, वॉलाय नावाच्या माशांची स्पर्धा होती. पहिल्या आलेल्या जोडीचे मासे दिसायला बेताचे आणि काट्यावर भलतेच जड. आयोजकाने सर्वांसमोर माशाचं पोट फाडलं तर आत शिशाचे गोळे. दोघांना दहा-दहा दिवसांचा तुरुंगवास झाला आणि त्यांची बोट गेली. ही बातमी मी दादाला वाचून दाखवली. दादाने आयुष्यभर कापसाच्या धंद्यात गाठोडी उघडलेली आहेत; त्याने पेपरातून मान वर काढली नाही. "आमच्याकडे पाणी मारतात," तो एवढंच म्हणाला. लांबी मोजण्यात ही सोय आहे. पोटात काहीही भरलं तरी मासा लांब होत नाही.

तरी माणसाच्या शब्दावर मासा मोजला जाण्याचा काळ फार जुना नाही. बासचा जागतिक विक्रम १९३२ चा. जॉर्जिया राज्यातला जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी पोरगा, पावसाने शेत ओलं म्हणून नांगरणी सोडून तळ्यावर गेला आणि सव्वाबावीस पौंडांचा, म्हणजे दहा किलोंचा, बास घेऊन आला. गावात वजन झालं, नोंद झाली आणि घरच्यांनी तो खाल्ला. दादाला हा माणूस फार आवडला. सत्त्याहत्तर वर्षांनी, जुलै २००९ मध्ये, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी तेवढ्याच वजनाचा बास पकडला. तो किंचित जड होता, पण विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, म्हणून बरोबरी. विक्रमाच्या संस्थेने कुरितांना खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवलं. ते उत्तीर्ण झाले. एकाच्या पोटात मासा गेला तरी त्याचं म्हणणं मान्य, आणि दुसऱ्याचा मासा समोर असून नाडीचे ठोके मोजायचे, हे काही मला पटलेलं नाही. ते यंत्र एकदा मेहरूणला आणावं अशी मात्र माझी इच्छा आहे. एका सकाळीत जळून जाईल.

बासला आमच्याकडे जोड कोणाची, तर मरळीची. तीही दबा धरून बसते, शेवाळाच्या आड, आणि बेडूक दिसला की पाणी फोडून झडप घालते. तिला वरची हवा घ्यायला वर यावं लागतं. तो बुडबुडा ओळखणारे जाणकार काठावर आहेत. पिलांना ती जपते. लालसर पिलांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात सळसळत असतो आणि खाली आईबाप पहाऱ्यावर. काही गळवाले नेमका त्या घोळक्यातच बेडूक टाकतात, कारण पहाऱ्यावरची मरळ भुकेने नाही तर रागाने तोंड घालते. हे बघवत नाही. अमेरिकेतही वसंतात घरट्यावर बसलेला बास धरावा की धरू नये यावर भांडणं आहेत; तिथे घरट्याची राखण नर करतो, मादी अंडी घालून निघून जाते. हे वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं आहे त्यांच्यात."

आणि कयाकला जोड? ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. आपल्या धरणांवर सकाळी जाऊन बघा. काळ्या ट्यूबच्या भोकावर फळकूट किंवा जाळीचा तुकडा बांधून त्यावर माणूस मांडी घालून बसलेला असतो. दोन हातांत दोन लहान फळ्या. फळ्या नसतील तर चपला हातात चढवलेल्या. त्याने तो असा सपसप निघतो, की काठावरून बघणाऱ्याला बुडण्याची भीती वाटावी आणि त्याला वाटू नये. पाण्याची खोली दाखवणारं यंत्र पुतण्याच्या कयाकवर आहे, ट्यूबवर नाही; ट्यूबवाल्याला तळाचा प्रत्येक दगड बापाकडून मिळालेला असतो. फरक एवढाच, की त्याला पाच मासे मोजून भागत नाही. त्याची स्पर्धा संध्याकाळच्या बाजाराशी असते आणि तिथला काटा खरा असतो. पोराला मी ट्यूबचा फोटो पाठवला. त्याच्या कयाकच्या मित्रांना तो फार आवडला म्हणे. कुठे विकत मिळते, असं एकाने विचारलं.

आता कोणी म्हणेल की छंद म्हणून मासे पकडणं हे साहेबाचं खूळ. तसं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मन कसं रमवावं याचा तो कोशच आहे. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा स्वतंत्र भाग आहे: कोणते मासे, कोणता चारा, दोर कसा, गळ कसा. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन त्याचं मासेमारीवरचं गाजलेलं पुस्तक घेऊन आला तो १६५३ मध्ये, म्हणजे आमच्या राजानंतर पाचशे वर्षांनी. राजाने किती इंचांचा मासा धरला होता हे कोणी लिहून ठेवलेलं दिसत नाही. राजाला कोण पट्टी लावणार?

पुतण्या या फाल्गुनात येतोय. सोबत ती खाचांची फळी आणणार आहे आणि मेहरूणला एक छोटीशी स्पर्धा घेऊ या, असं त्याच्या डोक्यात आहे. मी काठावर शब्द टाकून बघितला. उत्साह जबरदस्त. फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो यावरच पहिली सकाळ गेली. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यात दुसरी. पाहुणे नऊचे अकराला येणार, तोवर मासे सावलीला जाणार, म्हणून उद्घाटन स्पर्धेनंतर ठेवावं अशी एक शहाणी सूचना आली. शाल-श्रीफळातलं श्रीफळ तरी पाहुण्यांना द्यावंच लागेल. त्या दिवशी सकाळी पुण्यवान मंडळींनी कणीक टाकू नये अशी विनंती करायला शिष्टमंडळ गेलं, ते दोन पुण्यवानांना परीक्षक करून परत आलं. हे मात्र चांगलं झालं, कारण मासा जिवंत सोडला की नाही हे तेच डोळ्यांत तेल घालून बघतील.

वहिनींनी बक्षीस स्वतःहून कबूल केलं: पहिल्याला मेहरूणच्या बोरांची पाटी, हंगाम संपला तरी कुठूनही आणून देईन म्हणाल्या. ज्या स्पर्धेत मासे सोडून देतात तिला त्यांची आता हरकत नाही. नियमांचा कागद पोराने तिकडून पाठवला, मी मराठी केला, दादाने चष्मा लावून सगळा वाचला. फळी, चिठ्ठी, मिटलेलं तोंड, पाव इंच, सगळं त्याला मान्य. एकच शंका त्याने आवाज खाली करून, वहिनी आत गेल्यावर विचारली: पहिल्या तिघांचे मासे सोडा, ते ठीक आहे, पण हरलेल्यांचे तरी घरी नेता येतील ना?